डाव्या चाकाची आतली कड

प्रिय सूनबाई,

तुझी गाडी सध्या मी चालवते आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कपाळावर ज्या आठ्या पडायच्या त्या एकदमच पडून जातील आणि पुढचं पत्र तू निवांत वाचशील. हो, तीच गाडी. निळी, दोन दारांची, जिच्यात बसायचं म्हणजे जमिनीवर बसल्यासारखं वाटतं आणि उतरायचं म्हणजे कुणीतरी हात द्यावा लागतो. आपल्या गल्लीत तिच्याइतकी जोरात पळणारी दुसरी गाडी नव्हती, म्हणून तू मुद्दाम तिचं नाव गोगलगाय ठेवलं होतंस. माझ्या हातात आल्यापासून ती नावाला जागते आहे. मागच्या आठवड्यात चढावर एका सायकलवाल्याने मला मागे टाकलं आणि जाता जाता हातही केला.

तू नोकरीसाठी त्या गावी गेलीस तेव्हापासून ती गॅरेजमध्ये राखाडी कापडाखाली उभी होती. तुझा नवरा एक-दोनदा म्हणाला, विकून टाकू. मी म्हटलं, जिच्या नावावर आहे तिला विचार, आणि विचारायची हिंमत नसेल तर गप्प बस. तो गप्प बसला. मग माझ्या जुन्या गाडीने एक दिवस फाटकातच मान टाकली. गिअरबॉक्स गेला. आणि मला तर हॉस्पिटलच्या पोहण्याच्या तलावावर जायलाच हवं असतं. निवृत्त झाले तरी म्हाताऱ्यांचे पाण्यातले व्यायाम मीच घेते, नाहीतर ते नुसते पाण्यात उभे राहून गप्पा मारतात. बस तलावापासून लांब सोडते. शेवटी खुंटीवरची तुझी किल्ली घेतली, कापड काढलं आणि देवाचं नाव घेऊन बसले. क्लच असा कडक की माझ्या गुडघ्याला फुकटचा व्यायाम झाला. फाटकातून बाहेर पडेपर्यंत गाडी इतक्या वेळा बंद पडली की समोरच्या बाईंनी खिडकीचा पडदा बाजूला केला आणि मग बाजूलाच ठेवला.

तलावावर माझा भाव एकदम वाढला. खुब्याचा सांधा बदललेले एक आजोबा आहेत, ते मला म्हणाले, "बाई, मी थोडा तरुण असतो तर मागणी घातली असती." मी डोळे वटारल्यावर म्हणाले, "तुम्हाला नव्हे हो, गाडीला."

तुला ती माझ्या हाती देताना धाकधूक वाटली असती, हे मला माहीत आहे. पण मी कशी चालवते ते सांगते, कारण पुढे त्याला महत्त्व आहे. तलाव उताराच्या तळाशी. घरापासून निघाले की मी ब्रेकवर पाय ठेवते तो तळाशी पोचल्यावरच उचलते. येताना चढ, तेव्हा दुसऱ्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलांनी. वळण दिसलं की आधीपासूनच हळू. मागचे लोक भोंगे वाजवून थकतात आणि पुढे निघून जातात. घाई नावाची गोष्ट माझ्या हातात नाही, पायात तर त्याहून नाही.

आता जुनं थोडं उकरावं लागणार आहे, सूनबाई. तुला आवडणार नाही, पण तुझ्या बाजूने तुला जे दिसलं ते तुला ठाऊक. मी बघ्यांच्या बाकावर बसून काय पाहिलं ते तू कधी ऐकलं नाहीस. खाणीच्या टेकडीवरच्या त्या शर्यती मला आवडायच्या. एका वेळी एकच गाडी, खालून निघायचं, वळणं घेत वर पोचायचं, घड्याळाशी झुंज. दुसऱ्या कुणाला धक्का नाही, कुणाला मागे टाकणं नाही. तू निघालीस की मी बाकाची कड घट्ट धरायची आणि तू वर पोचलीस की सोडायची. पण प्रत्येक वेळी खाली आल्यावर तोच प्रकार. तू गुडघ्यावर बसून मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला हात लावायचीस आणि तुझा चेहरा उतरायचा. बाहेरून टायर नवा कोरा, आणि आतली कड धाग्यांपर्यंत घासलेली. एक जोडी झाली, दुसरी झाली. तू म्हणायचीस, ब्रेक लावला की गाडी मागून हलल्यासारखी वाटते. चाकांची अलाइनमेंट करून घेतलीस, पुन्हा करून घेतलीस, आणि दर वेळी मशिनवरचे आकडे सगळे बरोबर. मग गळ्यात शिट्टी अडकवून फिरणारे ते क्लबचे सेक्रेटरी, ज्यांना आपण घरात शिट्टीवाले म्हणतो, ते भर मांडवात हसून म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळे हसले. तूही हसलीस. तुझं ते हसू मी लांबून पाहिलं होतं.

आणि मग ते कोपराच्या वळणावरचं. तू ब्रेक दाबलास, गाडीची मागची बाजू झाडूसारखी फिरली आणि तू आडवी होऊन गवताच्या गठ्ठ्यांत घुसलीस. कुणाला खरचटलंही नाही, गाडीच्या मागच्या कोपऱ्याला पोचा आला तेवढंच. क्लबने तुझ्या नावापुढे शेरा मारला की हात घाईचा आहे, यापुढे शेजारी शिक्षक बसल्याशिवाय टेकडीवर सोडू नये. घरी येताना मी मागच्या सीटवर होते. माझे चिरंजीव समोर बघत गाडी चालवत होते आणि अगदी शांत आवाजात म्हणाले, "गाडीला काय कळतं? हात तुझेच आहेत ना." ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर तू स्टिअरिंगला हात लावला नाहीस. भाजी आणायलासुद्धा चालत जायला लागलीस.

हे झालं मागचं. आता ऐक. त्या अपघातानंतर तुझ्या नवऱ्याने मागच्या दोन्ही चाकांना नवे टायर घातले होते, पोचा काढून घेतला होता आणि पुन्हा एकदा अलाइनमेंटही करून घेतली होती. त्या टायरांवर तू फूटभरही गेलेली नाहीस. त्यांच्यावर चालली ती फक्त मी.

हवा पालटली तेव्हा एका सकाळी मी गाडी धुवायला काढली. तुला माझी जुनी खोड माहीत आहे. पेशंट दारातून आत आला की मी आधी त्याचे जोडे बघायची. माणूस कितीही ताठ उभा राहो, कुठे दुखतं ते सांगताना काहीही थापा मारो, जोड्याचा तळ खोटं बोलत नाही. त्याच सवयीने मी सतरंजी टाकून गुडघे टेकले आणि मागच्या डाव्या चाकाच्या आत हात घातला. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत. खालून वर फिरवला तर तळव्याला करवतीचे दात लागले. वाकून टॉर्च मारला. आतली कड धाग्याला आलेली. आणि बाहेरच्या कडेवर नव्या टायरला असतात ते रबराचे बारीक केस अजून तसेच.

मी बादली उपडी घालून तिच्यावर बसले. मनात म्हटलं, बाई गं, हा टायर कुणी खाल्ला? सूनबाई तर इथे नाही. तिचा घाईचा हात तिच्याबरोबर गेला. मग इथे उरलं कोण? मी. जिला सायकलवाले मागे टाकतात. आणि मग मला हसू फुटलं. एकटीच गॅरेजमध्ये बसून इतकी हसले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

त्याच दिवशी तुझ्या अलाइनमेंटवाल्याकडे गेले. मी त्याचं नाव मिलिमीटर ठेवलं आहे, कारण तो दुसऱ्या कुठल्या मापात बोलतच नाही. तुला त्याचं दुकान आठवत असेल, फरशी अशी स्वच्छ की जोडे काढावेत का असा प्रश्न पडतो. त्याने गाडी लिफ्टवर चढवली, चाकांखाली त्या सरकणाऱ्या तबकड्या, चाकांना पंजे, समोर पडदा. त्याने मला सगळं समजावून सांगितलं. चाक वरून आत झुकलंय का बाहेर, हे एक माप. आणि चाकाचं तोंड सरळ आहे, की पाय आत टाकून चालणाऱ्या मुलासारखं आत वळलंय, की बदकासारखं बाहेर, हे दुसरं. ते दुसरं माप जरा जरी चुकलं तर टायर गोल फिरत असतानाच थोडा आडवा फरफटत जातो, आणि मग कड अशी करवतीसारखी होते. मला हे शिकवायची गरज नव्हती. उभा जन्म मी माणसांच्या पायांत हेच बघितलं. पण मी त्याला मध्ये तोडलं नाही, तो इतका रंगून सांगत होता.

पडद्यावर सगळे आकडे हिरवे आले. तो म्हणाला, "बघा बाई. तुमच्या सुनेलाही मी हेच सांगत होतो. गाडी सरळ आहे." मी म्हटलं, "उभी आहे तेव्हा सरळ आहे." तो म्हणाला, "म्हणजे?" मी म्हटलं, "माझ्याकडे घोटा मुरगळलेली माणसं येतात. गादीवर उभी केली की दोन्ही पावलं कशी नीट, दृष्ट लागावी अशी. मी म्हणते, आता चाला. की लगेच एक पाऊल बाहेर फेकतात. तुम्ही हिला चालताना बघितलंय का?" त्यावर तो जरा चिडला. म्हणाला, "चालत्या गाडीची मापं कशी घेणार, मी काय तिच्या मागे धावू?" मी म्हटलं, "मी पेशंटच्या मागे धावत नाही. पायाला हाताने ओढून बघते."

 मला वाटलं, गेलं, रागावला. पण तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला, हनुवटी चोळत, आणि बराच वेळ त्या एका चाकाकडे बघत राहिला. या माणसाबद्दल मला आदर वाटतो तो इथून. दुसरा असता तर बाईमाणसाने शिकवावं का म्हणून हात झटकून मोकळा झाला असता. याने सामान बांधायचा एक जाड पट्टा आणला, कटकट करत आवळता येतो तसला, एक टोक मागच्या खांबाला आणि दुसरं तुझ्या डाव्या चाकाला अडकवलं. म्हणाला, "ब्रेक लागला की रस्ता चाकाला मागे ओढतो. मी तेवढंच करतो. तुम्ही पडद्याकडे बघा." आधी उजव्या चाकाला ओढून बघितलं; आकडा जागचा हलला नाही. मग डाव्याला. पट्टा ताणला, अजून ताणला, आणि सूनबाई, माझ्या डोळ्यांसमोर तो हिरवा आकडा पिवळा झाला आणि मग लालभडक. पट्टा सैल केला, पुन्हा हिरवा. ताणला, लाल. मिलिमीटरने पट्टा हातातून खाली ठेवला आणि नुसताच म्हणाला, "अरेच्चा."

चाक ज्या लोखंडी हाताने गाडीला जोडलेलं असतं, त्याच्या मुळाशी वाटीएवढा एक रबराचा बुश असतो. तो त्याने काढून माझ्या तळहातावर ठेवला. बाहेरून अगदी धडधाकट. पण आत रबर मधल्या लोखंडी नळीपासून सगळीकडून सुटलेलं, नुसतं अडकून बसलेलं. गाडी उभी असताना ते आपल्या जागी शहाण्यासारखं बसायचं, कुणी हाताने हलवलं तरी दाद द्यायचं नाही, आणि ब्रेक लागला की निसटायचं. मिलिमीटर म्हणाला की हे जुनं दुखणं आहे, तुझ्याकडे गाडी येण्याच्या आधीचंच असावं. मग तो माझ्याकडे न बघता, हात पुसत म्हणाला, "जितका ब्रेक जोरात, तितकं हे चाक आपलं आपण बाहेर वळणार. त्या वळणावर गाडी फिरली यात नवल नाही. आधी इतक्या फेऱ्यांत एकदाही फिरली नाही, याचं नवल आहे. तुमच्या सुनेचा हात चांगला आहे, बाई. दुसरा कुणी पहिल्याच दिवशी गवतात गेला असता."

मी त्याला ते परत म्हणायला लावलं. त्याला वाटलं, मला ऐकू कमी येतं. त्याने मोठ्याने, सावकाश, शब्द शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं, आणि मी ते डोळे मिटून ऐकलं.

दोन्ही बाजूंना नवे बुश आणि नवे टायर बसवले. मग त्याने पुन्हा मापं घेतली, ह्या वेळी मला आत बसवून, कारण चालवणाऱ्याचं वजनही धरायला हवं म्हणाला. वजन किती ते विचारायला तो इतका लाजला की शेवटी मीच सांगितलं, आणि तुझ्यापेक्षा माझं जेवढं जास्त आहे तेवढं त्याने मनातल्या मनात वजा केलं असावं. "हलू नका" म्हणाला. मी श्वासही बेताने घेत होते. नंतर पट्टा लावून दोन्ही चाकं ओढली. आकडे हिरवे ते हिरवेच.

एवढ्यावर मी घरी जाऊन चहा प्यायले असते तर मी तुझी सासू कसली. क्लबची वार्षिक बैठक जवळ आली होती. मी मिलिमीटरला म्हटलं, चला. तो म्हणाला, मला चारचौघांत बोलता येत नाही. मी म्हटलं, बोलायचं मी, तुम्ही फक्त खरं आहे म्हणून मान हलवायची. तो घासलेला टायर जुन्या चादरीत गुंडाळून आम्ही दोघं त्या सभागृहात शिरलो. तुझा नवराही होता, मागच्या रांगेत. आम्हाला बघून तो उभाच राहिला. बाकीचे विषय संपले तेव्हा मी पुढे गेले आणि शिट्टीवाल्यांच्या समोर, पांढऱ्या टेबलक्लॉथवर, चादर सोडली. म्हटलं, "तुम्हाला टायर वाचता येतात असं ऐकून आहे. हा कुणी घासला, कसा माणूस आहे, सांगता का?"

त्यांना असं काही विचारलेलं फार आवडतं. चष्मा लावला, टायर फिरवला, कडेवरून बोट फिरवलं, आणि ज्योतिष्यासारखे सुरू झाले. म्हणाले, चालवणारा उतावळा आहे. ब्रेक उशिरा आणि दणकून मारतो. वळणावर गाडीला हिसके देतो. तरुण आहे, रग आहे, शिकवण नाही. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून, आवाज मऊ करून म्हणाले, "बाई, हा टायर कुणाचा ते मी ओळखलं. घरातल्या माणसाची बाजू घ्यावीशी वाटते, मी समजू शकतो. पण मी त्या मुलीला तेव्हाच म्हटलं होतं, नाचता येईना..." मी त्यांना पुरं बोलू दिलं. अंगणापर्यंत. मग म्हटलं, "हा टायर मी घासलाय. घर ते हॉस्पिटलचा तलाव आणि परत. बरोबर पोहण्याची पिशवी असते."

 मग मागून कुणीतरी फिस्कन हसलं, आणि मग सगळेच. पण हे हसणं वेगळं होतं. मी हसले नाही. मी तो तुटका बुश टायरशेजारी ठेवला आणि मिलिमीटरकडे बघितलं. आणि ज्याला चारचौघांत बोलता येत नाही तो माणूस उठून बोलायला लागला. पट्टा, ब्रेक, हिरवा, लाल, सगळं. स्वतःहून म्हणाला, "मी तिची गाडी अनेकदा मशिनवर घेतली आणि दर वेळी तिला परत पाठवलं. ती सांगत होती ते मी ऐकायला हवं होतं." शिट्टीवाल्यांनी तो बुश हातात घेतला, बोटांनी पिळला, रबर नळीवरून गरकन फिरलं. सूनबाई, त्यांच्याबद्दल मी घरात काय काय बोलले आहे ते तुला माहीत आहे. पण त्या क्षणी त्यांनी जे केलं ते मोठ्या माणसाचं होतं. ते उभे राहिले आणि म्हणाले, "काही वेळा अंगण खरंच वाकडं असतं. हे मला ह्या वयात कळावं याची लाज वाटते." तुझ्या नावापुढचा शेरा त्यांनी सगळ्यांदेखत खोडला. मग टाळ्या झाल्या. त्या तुझ्या टाळ्या होत्या. तू तिथे नव्हतीस म्हणून मी उभी राहून घेतल्या.

तुझा नवरा बाहेर गाडीपाशी उभा होता. मागच्या डाव्या चाकाजवळ. म्हणाला, "ती मला सांगत होती, आई. रोज सांगत होती." मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "आता काय करू?" मी म्हटलं, "ते मला विचारू नकोस. मी सांध्यांची बाई आहे." घरी गेल्यावर त्याने गेस्टरूमच्या सोफ्यावर नेहमीसारखं अंथरूण घातलं. तुमच्या खोलीत तो तू गेल्यापासून झोपलेला नाही. तुझ्या बाजूचं कपाट तसंच रिकामं आहे, त्यात त्याने आपले कपडेही लावलेले नाहीत. हे मी तुला त्याची बाजू मांडण्यासाठी सांगत नाही. त्याने मला विनवलं होतं की पत्रात दोन ओळी माझ्याही लिही. मी नाही म्हटलं. त्याला हात आहेत, त्याने स्वतः लिहावं.

आणि आता शेवटची बातमी. हंगामातली शेवटची शर्यत झाली. मी नाव दिलं होतं. हो, मीच. वैद्यकीय तपासणी करणारा डॉक्टर माझ्या हाताखाली शिकलेला, तो माझा रक्तदाब बघताना स्वतःच घामाघूम झाला. तुझं हेल्मेट घातलं, जरा सैल होतं. खालच्या रेघेवर उभी होते तेव्हा वाटलं, गाडी बंद करावी आणि पोहण्याची पिशवी घेऊन चालत घरी जावं. मग झेंडा पडला आणि मी निघाले. माझ्या मानाने मी भरधाव गेले; बाकीच्यांच्या मानाने काय, ते विचारू नकोस. बाकांवरून लोक ओरडत होते ते मला नंतर कळलं, तेव्हा फक्त इंजिन आणि माझा श्वास. कोपराचं वळण आलं. तिथे मी ठरवलं होतं तसं केलं. नेहमीसारखं आधीपासून हळू झाले नाही. तू जिथे ब्रेक लावायचीस तो पांढरा दगड येईपर्यंत थांबले आणि मग सगळं वजन टाकून दाबला. आणि गाडी सरळ राहिली. एखाद्या गुणी मुलीसारखी खाली बसली, नाक वळवलं आणि निघाली. त्या एका वळणात मला कळलं की तू त्या टेकडीवर पुन्हा पुन्हा का जायचीस. वर पोचले तेव्हा मी गाणं म्हणत होते असं तिथल्या स्वयंसेवकाने नंतर सगळ्यांना सांगितलं. मला लागलेला वेळ हा त्या टेकडीवर आजवरचा सगळ्यात जास्त वेळ आहे आणि शिट्टीवाले म्हणतात, हा विक्रम कुणी मोडू शकणार नाही. खाली आल्यावर आम्ही तिघं, मी, मिलिमीटर आणि शिट्टीवाले, गुडघे टेकून त्या चाकाजवळ बसलो. आतली कड, बाहेरची कड, मधला भाग, सगळीकडे सारखं. मी दोन्ही दिशांनी हात फिरवला. कुठेही दात नाहीत.

हे पत्र मी घरून लिहीत नाही. तुझ्या गावात, स्टेशनसमोरच्या एका छोट्या लॉजच्या खोलीत बसले आहे. दुपार आहे, खिडकीतून खाली गाडी दिसते आहे, आणि येणारी-जाणारी माणसं थांबून तिच्याकडे बघताहेत. काल सकाळी निघाले, वाटेत मुक्काम केला, घाटही चढले. तुमच्या वेगळं होण्याचे कागद वकिलाकडून आले, त्यावर तुझी सही मी पाहिली. ती मी पुसायला आलेली नाही. संसार काही गाडी नव्हे की पट्टा लावून ओढून बघावं, कुठे सुटलंय ते कळेल. तुमचं तुम्ही ठरवा, जे ठरवाल त्याला माझी ना नाही. मी आले आहे ती एका वाक्यासाठी. जाताना दारात, बॅग उचलता उचलता, तू मला म्हणाली होतीस, "माझ्या हातातच खोट आहे, आई. माझ्या हातात काही नीट राहत नाही." तेव्हा मी नुसती तुझ्या बॅगेची एक बाजू धरली. आता त्याचं उत्तर मला मिळालंय आणि ते नुसतं मायेने म्हटलेलं नाही, तपासून घेतलेलं आहे: तुझ्या हातात खोट नाही. कधीच नव्हती. हे तुझ्यासमोर उभं राहून सांगायला गेले तर मी रडेन आणि तू मला पाणी द्यायला धावशील, म्हणून लिहून आणलं आहे. संध्याकाळी तुझ्या दाराची घंटा वाजवेन, किल्ली आणि हे पत्र तुझ्या हातात देईन आणि तू वाचत असेपर्यंत खाली गाडीत जाऊन बसेन. शेजारच्या सीटवर. गावाबाहेर एक रिकामा चढ आहे असं लॉजवाल्या बाई म्हणाल्या. वाचून झालं की खाली ये आणि मला घेऊन चल. मला एकदा तुझ्या वेगाने जायचं आहे.

कागदावर माझं तुझं नातं काहीही लिहिलं जावो,
तुझीच,
आई